चार वाजता मुक्काम: मसुऱ्याहून सह्याद्रीत मोटारसायकलने चार दिवस

मोटारसायकलने डोंगरात जायचे म्हटले की तरुण मुलांच्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा लडाख येते. तिथला प्रवास जरूर करावा. पण सिंधुदुर्गातल्या मसुऱ्यातून सकाळी निघालेली गाडी कणकवलीमार्गे फोंडाघाटाच्या पायथ्याशी दीड-दोन तासांत पोहोचते आणि तिथून पुढे चार दिवस पुरून उरेल एवढा सह्याद्री आहे. दाजीपूरचे गव्यांचे जंगल, राधानगरीचे पाणी, आजऱ्याची भातशेती, आंबोलीचे धुके, पारगडचा कडा आणि तिलारीचा उभा उतार एवढे सगळे या एका फेरीत बसते. त्यासाठी नवी गाडी घ्यायची गरज नाही. घरातली ११० किंवा १२५ सीसीची, नीट सर्व्हिसिंग केलेली गाडी पुरते.

मात्र डोंगरातला मुक्कामी प्रवास शिस्त मागतो. ती सगळी शिस्त एका नियमात बसते: रोज दुपारी चार वाजता सगळ्या गाड्या मुक्कामाच्या जागी उभ्या असल्या पाहिजेत. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि घाटात उजेड त्याच्याही आधी जातो. चारला पोहोचलात तर घरमालकाशी बोलायला, तंबू ठोकायला, पाणी भरायला, स्वयंपाकाला आणि गाड्यांवरून हात फिरवायला दोन तास मिळतात. सातला पोहोचलात तर यातले एकही काम नीट होत नाही, आणि वाटेत जे धोके भेटतात ते बहुतेक संध्याकाळचेच असतात. पुढचे सगळे नियोजन या चार वाजल्यापासून उलटे मोजत करायचे आहे.

कधी निघावे

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ उत्तम. पावसाळ्यात तंबू घेऊन या घाटांत जाऊ नका. आंबोलीत वर्षाला सुमारे ७,००० मिलिमीटर पाऊस पडतो. दरडी कोसळतात, रस्त्यावर शेवाळ धरते आणि दोन दिवस कपडे वाळत नाहीत. ऑक्टोबरात परतीच्या पावसाच्या विजा असतात. मार्चनंतर गवत पूर्ण वाळते, वणवे लागतात आणि पाण्याच्या जागा आटतात.

तारीख धरताना आणखी दोन गोष्टी बघा. आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा तिथीवर ठरत नाही, तिची तारीख दरवर्षी वेगळी जाहीर होते. त्या दिवसांत मसुऱ्याकडे येणारे सगळे रस्ते माणसांनी आणि गाड्यांनी भरलेले असतात. तेव्हा निघणे-परतणे त्या आठवड्याबाहेर ठेवा. दुसरी गोष्ट घाटावरच्या ऊसतोडणीची. हिवाळ्यात बिदरी, गारगोटी, आजरा, चंदगड या पट्ट्यात कारखाने चालू असतात. उसाने भरलेल्या ट्रॉल्या रस्त्याच्या निम्म्या रुंदीवरून चालतात आणि पुष्कळ ट्रॉल्यांना मागचा दिवा किंवा रिफ्लेक्टर नसतो. अंधारात अशी ट्रॉली दिसते तेव्हा ब्रेक लावायला अंतर उरलेले नसते. चारच्या नियमाचे हे पहिले कारण.

गट किती मोठा असावा

सहा गाड्या पुष्कळ झाल्या. त्याहून जास्त मंडळी असतील तर दोन गट करा आणि अर्ध्या तासाच्या अंतराने निघा. आठ-दहा गाड्यांची रांग घाटात ट्रकवाल्याला ओलांडता येत नाही, चहाच्या टपरीवर मावत नाही आणि कुणाच्या खळ्यातही बसत नाही. शक्यतो एका गाडीवर एकच माणूस असावा. मागे माणूस आणि वर सामान अशी लादलेली छोटी गाडी चढाला दमते आणि उताराला आवरत नाही.

निघण्याच्या आधी एक संध्याकाळ सगळ्यांनी एकत्र बसावे आणि चार गोष्टी तोंडावर ठरवाव्यात. पहिली, पैसे: एकाकडे सामाईक रक्कम, एक वही, रोज रात्री हिशेब. दुसरी, वेग: गटाचा वेग सर्वांत कमी अनुभवी चालकाच्या हाताला झेपेल तोच राहील आणि त्याला कुणी घाई करणार नाही. तिसरी, दारू: प्रवासाच्या चारही दिवसांत नाही. या मार्गाचा शेवटचा टप्पा गोव्याच्या हद्दीला लागून जातो. गोव्याची दारू विनापरवाना महाराष्ट्रात आणणे हा गुन्हा आहे आणि बांदा-दोडामार्ग भागात तपासणी होते. एकाच्या पिशवीतल्या बाटलीने सगळा गट अडकतो. चौथी, परत फिरण्याचा हक्क: कुणालाही बरे वाटेनासे झाले किंवा पुढे जावेसे वाटले नाही, तर त्याने सांगावे आणि गटाने ते ऐकावे.

रांगेत सर्वांत पुढे रस्ता ओळखणारा, संयमी माणूस ठेवा. सर्वांत मागे गाडीची दुरुस्ती जमणारा ठेवा; हवा भरायचा पंप, पंक्चरचे सामान आणि प्रथमोपचाराची पेटी त्याच्याकडे. नवख्याला पुढच्याच्या लगेच मागे जागा द्या, कारण शेपटाला राहिलेला नवखा अंतर भरून काढण्यासाठी वेग वाढवतो. घाटात मोबाइलची रेंज बेभरवशाची असते, म्हणून एक साधा नियम पाळा: प्रत्येक तिठ्यावर पुढच्याने थांबायचे आणि मागचा दिसल्याशिवाय वळायचे नाही. एवढा एक नियम पाळला तर कुणी चुकत नाही.

चार दिवसांचा मार्ग

गट करून चालताना घाटरस्त्याला ताशी २५ ते ३० किलोमीटर एवढाच वेग पडतो. सकाळी साडेआठला निघून चारला पोहोचायचे, मध्ये जेवण आणि दोन चहा, म्हणजे रोजचा पल्ला शंभर-सव्वाशे किलोमीटरपेक्षा जास्त असता कामा नये. खालची आखणी त्या मापात बसते.

पहिला दिवस: मसुरे, कणकवली, फोंडाघाट, दाजीपूर, राधानगरी. पेट्रोल कणकवलीत पूर्ण भरा. देवगड-निपाणी मार्गावर अवजड ट्रकांची वर्दळ असते, म्हणून फोंडाघाट सकाळी चढून जा. वर दाजीपूरला लागते ते राधानगरी अभयारण्य. गव्यांसाठी १९५८ मध्ये संरक्षित झालेले हे जंगल आज सुमारे ३५१ चौरस किलोमीटरचे आहे आणि २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशाचा भाग आहे. अभयारण्यात वनविभागाच्या परवानगीशिवाय शिरणे, तंबू ठोकणे, आग पेटवणे गुन्हा आहे. तेव्हा रात्र अभयारण्याच्या हद्दीबाहेर, राधानगरी परिसरात मालकी जागेवर काढा. आधी फोन करून जागा ठरवलेली असावी.

दुसरा दिवस: राधानगरी, मुदाळ तिट्टा, गारगोटी, आजरा, आंबोली. हा मोकळ्या रस्त्याचा आणि उसाच्या ट्रॉल्यांचा दिवस. आजऱ्याजवळ रामतीर्थाला हिरण्यकेशीचे पाणी खडकांवरून उतरते. दुपारची विश्रांती तिथे घ्या. आजऱ्यात पेट्रोल भरा आणि बाजारातून किलोभर घनसाळ तांदूळ घ्या. भौगोलिक मानांकन मिळालेला हा सुवासिक तांदूळ रात्री आंबोलीच्या थंडीत शिजवायला फार सुंदर. आंबोली सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे चांगलीच थंडी पडते आणि धुके उतरते.

तिसरा दिवस: आंबोली, कानूर, चंदगड आणि पारगड. सकाळी आंबोलीत हिरण्यकेशीचे उगमस्थान पाहा. इथल्या कुंडात सापडलेल्या माशाची नवी जात २०२० मध्ये शास्त्रीय नोंदीत आली आणि २०२१ मध्ये ही जागा जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. त्या पाण्यात साबण, भांडी, पाय काहीही धुवू नका. मग बेळगाव-वेंगुर्ला रस्त्याने चंदगड गाठा, सामान तिथल्या लॉजवर टाका आणि हलक्या गाड्यांनी पारगडला जाऊन या. तानाजी मालुसऱ्यांचे पुत्र रायबा या गडाचे किल्लेदार होते आणि गडावर आजही वस्ती आहे. चारच्या आत चंदगडला परत या. ही रात्र तंबूत काढायची नाही, पक्क्या छपराखालीच काढायची. कारण पुढे दिले आहे.

चौथा दिवस: चंदगड, हेरे, तिलारीनगर, तिलारी घाट, दोडामार्ग, बांदा, कुडाळ, मसुरे. सर्वांत अवघड उतार या दिवशी आहे. तिलारी घाट एवढा तीव्र आहे की तिथे एसटीच्या गाड्यांनाही काही काळ बंदी घालावी लागली. तो सकाळच्या ताज्या डोक्याने उतरा. बांद्यानंतर महामार्ग लागतो आणि घर जवळ आल्यासारखे वाटून हात मोकळा सुटतो. नेमक्या तिथे वेग आवरा. चार दिवसांचा थकवा शेवटच्या तासातच जाणवतो.

निघण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक घाट सुरू आहे का, हे पायथ्याच्या गावात फोन करून विचारा. दरड, काँक्रीटीकरण, पुलाचे काम यांसाठी सह्याद्रीतले घाट वरचेवर बंद होतात आणि नकाशावर ते लगेच दिसत नाही. नकाशे मोबाइलमध्ये आधीच उतरवून ठेवा आणि मार्ग कागदावरही लिहून घ्या.

गाडी

सर्व्हिसिंग निघण्याच्या आठवडाभर आधी करा. नव्याने बसवलेल्या भागात काही खोट असेल तर ती त्या आठवड्यात गावातच कळते. टायरची नक्षी, दोन्ही ब्रेकचे पॅड किंवा लाइनर, चेन आणि स्प्रॉकेट, क्लचची वायर, बॅटरी, दिवे आणि हॉर्न हे सगळे तपासून घ्या. चेनचा ताण सामान लादल्यावर बदलतो, म्हणून तो गाडीवर वजन ठेवून पाहा. टायरमधली हवाही वजनाप्रमाणे लागते. गाडीच्या पुस्तिकेत लादलेल्या गाडीसाठी वेगळा आकडा दिलेला असतो.

गटात मिळून एक क्लच वायर, एक ॲक्सिलरेटर वायर, स्पार्क प्लग, फ्यूज, चेनची जोडकडी, ट्यूब असलेल्या गाड्यांसाठी ट्यूब आणि ट्यूबलेससाठी पंक्चरच्या वाती असाव्यात. वायरी गाडीच्या मॉडेलप्रमाणे वेगवेगळ्या असतात, त्यामुळे गटात एकसारख्या गाड्या असतील तर सुट्या भागांचे ओझे कमी होते. पेट्रोल बाटलीत भरून नेऊ नका. कणकवली, राधानगरी, गारगोटी, आजरा, चंदगड इथे भरत गेलात तर त्याची गरजच पडत नाही. टाकी अर्ध्यावर आली की भरायची.

लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी यांच्या प्रती मोबाइलमध्ये आणि मूळ कागद पाण्यापासून सुरक्षित पिशवीत ठेवा. हेल्मेट आयएसआय खुणेचे, पूर्ण चेहरा झाकणारे, हनुवटीचा पट्टा बांधलेले. घोटा झाकणारे बूट, हातमोजे आणि जाड पूर्ण बाह्यांचे जाकीट घातल्याशिवाय कुणी गाडीवर बसू नये. चपलेवर घाट चढायला नेहमीची सवय असली तरी या प्रवासात ती बाजूला ठेवा.

सामान आणि सरावाची रात्र

जड वस्तू खाली आणि चालकाच्या जवळ, हलक्या वर आणि मागे. तंबूच्या काठ्या, स्टोव्ह, पाण्याचा कॅन दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत समतोल वाटून घ्या. झोपायच्या पिशव्या आणि कपडे मागच्या सीटवर आडवे बांधा. रबरी हुकाच्या दोऱ्या सैल होतात, त्यांच्या जोडीला बकलचा पट्टा लावा. सुटलेली दोरी मागच्या चाकात किंवा चेनमध्ये गेली तर चाक जागीच आवळते. दर थांब्याला प्रत्येकाने शेजारच्या गाडीचे पट्टे ओढून पाहावेत.

दोघांत एक तंबू, प्रत्येकी खाली घालायची जाड चटई, पांघरूण, डोक्याला लावायचा टॉर्च, दोन लिटर पाणी आणि रेनकोट. नोव्हेंबरातही एखादी सर येते.

मग निघण्याच्या आठ-दहा दिवस आधी सगळे सामान लादून मसुऱ्यातच एक रात्र काढा. सकाळी गड नदीच्या काठचा भरतगड पाहा, कुडोपीच्या सड्यावरची कातळशिल्पे पाहून या आणि संध्याकाळी कुणाच्या तरी खळ्यात तंबू ठोका. भरतगडावर खासगी बाग आहे, तिथे मुक्काम करायचा नाही. कुडोपीची शिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेलेल्या कोकणातल्या कातळशिल्पांपैकी आहेत. त्या सड्यावर गाडी चढवू नका आणि दगड हलवू नका. घरापासून हाकेच्या अंतरावर असताना कळते की स्टोव्हची डबी बसत नाही, तंबूची एक काठी कमी आहे किंवा लादलेली गाडी वळणाला डोलते. हे तिथे कळलेले बरे, दाजीपुरात नको.

या सरावात आणखी एक गोष्ट शिकाल: जांभ्यात तंबूची खुंटी जात नाही. म्हणून जमिनीत न ठोकताही उभा राहणारा तंबू घ्या आणि त्याच्या दोऱ्या दगडांना बांधा. ते दगड उचलताना आधी काठीने हलवा, बोटे खाली घालू नका. जांभ्याच्या दगडांखाली आणि गडग्यांत फुरसे असते.

घाटात गाडी चालवताना

मोकळ्या रस्त्यावर गाड्या नागमोडी रांगेत, एक उजवीकडे एक डावीकडे, मध्ये दोन सेकंदांचे अंतर ठेवून चालाव्यात. घाट सुरू झाला की एकेरी रांग करा आणि अंतर वाढवा. अवघड वळणावर अवजड गाडीला पूर्ण रस्ता लागतो. ट्रक वळताना दिसला की वळणाच्या अलीकडेच थांबा, आतल्या बाजूने घुसू नका. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असते. वळणाच्या आतल्या कडेला डिझेल किंवा ऑइल सांडलेले असू शकते, तिथे झुकवलेली गाडी घसरते. वळणाआधी हॉर्न आणि दिवसाही दिवा चालू.

उतारावर गाडी न्यूट्रल करू नका आणि इंजिन बंद करू नका. ज्या गिअरमध्ये चढली असती त्याच गिअरमध्ये उतरवा, म्हणजे इंजिनच गाडीला धरून ठेवते. तिलारीसारख्या उतारावर पहिला किंवा दुसरा. सतत ब्रेक दाबून ठेवला तर तो तापतो आणि पकड सोडतो. ब्रेकचा पॅडल मऊ लागला किंवा जळका वास आला की मोकळी जागा पाहून थांबा, पंधरा-वीस मिनिटे गाडी निवू द्या. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका. दर तासाला दहा मिनिटे थांबा. पाणी प्यायची आठवण थंडीत राहत नाही आणि पाणी कमी पडले की लक्ष ढळते.

तंबूची जागा

सर्वांत सुरक्षित जागा म्हणजे वस्तीतल्या घराचे अंगण किंवा घराला लागून असलेली मालकी जमीन. उजेडात जाऊन घरातल्या मोठ्या माणसाला सगळ्यांनी हेल्मेट काढून भेटा, कुठून आलात ते सांगा आणि विचारा. आपल्या बाजूला असाल तर, ‘‘काका, एक रात तुमच्या खळ्यात तंबू मारलो तर चलात मां?’’ एवढे पुरते. गावच्या पोलीस पाटलांना कळवा. जागा, पाणी, जेवण जे घ्याल त्याचे पैसे घासाघीस न करता द्या. पुढच्या गटाला त्या घराचे दार उघडे राहील की नाही, हे तुमच्या वागण्यावर ठरते.

नदीच्या पात्रात किंवा पुळणीवर तंबू ठोकू नका. धरणाच्या वीजगृहातून पाणी सुटले की खालच्या पात्राची पातळी ऊन पडलेले असतानाही चढते. माडाखाली, वाळलेल्या झाडाखाली, सड्याच्या उघड्या कडेवर तंबू नको. आंब्या-काजूच्या बागेत जागा मिळाली तर आधी विचारा की फवारणी कधी झाली. थंडीत मोहोर जपण्यासाठी औषधे मारली जातात आणि त्या झाडाखाली झोपणे, स्वयंपाक करणे योग्य नाही.

उघड्यावर शेकोटी करू नका. एका ठिणगीने वर्षानुवर्षे वाढवलेली बाग किंवा एखादा डोंगर जळतो. गॅसच्या छोट्या डबीचा स्टोव्ह वापरा आणि सभोवतालचे गवत आधी साफ करा. शौचाला घरमालकाची सोय असेल तर ती वापरा. नसेल तर पाण्यापासून साठेक मीटर दूर, वीतभर खड्डा खणून वर माती ओढा. प्लास्टिक आणि गॅसची रिकामी डबी परत मसुऱ्यात आणा.

गवे आणि हत्ती

दाजीपूर, राधानगरी, आंबोली या पट्ट्यात गवे रस्त्यावर येतात. मोठा नर आठशे-हजार किलोपर्यंत भरतो, रंगाने काळा असतो आणि संध्याकाळच्या अंधारात शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. दिसला तर शंभर मीटर मागे थांबा, हॉर्न वाजवू नका, दिवा डोळ्यांवर मारू नका. एक गेला म्हणून लगेच निघू नका, मागे कळप असतो.

२००२ च्या सुमारास कर्नाटकातून दोडामार्ग तालुक्यात हत्ती आले. तेव्हापासून दोडामार्ग, चंदगड, आजरा भागांत त्यांचा वावर आहे. ते रात्री भात, ऊस, केळी, फणस खायला वस्तीजवळ येतात. तंबूतल्या केळ्यांचा आणि शिजलेल्या अन्नाचा वास त्यांना दुरून लागतो. म्हणूनच तिसरी रात्र चंदगडमध्ये पक्क्या छपराखाली काढायची. तिलारीकडे निघण्याआधी हत्ती कुठल्या बाजूला आहेत हे गावात किंवा वनखात्याच्या कर्मचाऱ्यांना विचारा. रोजची खबर त्यांच्याकडे असते. हत्ती दिसला तर फोटोसाठी थांबू नका, गाडी वळवून लांब जा.

जेवण

डोंगरातल्या स्वयंपाकासाठी आपल्या घरातच उत्तम सामान आहे. कुळथाची पिठी, लसूण, आमसुले आणि मीठ-मिरची घेतली तर वीस मिनिटांत गरम पिठी होते. सोबत आजऱ्याच्या तांदळाचा भात. सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि लोणचे, किंवा कांदेपोहे. पेज थंडीत पोट भरते आणि पाणीही पुरवते. मालवणी मसाला छोट्या डबीत, शेंगदाणे आणि गूळ खिशात. मासे-मटण सोबत नेऊ नका, टिकत नाही आणि वासाने जनावरे येतात. दुपारचे जेवण गावातल्या खानावळीत घ्या, त्याने वेळ वाचतो. विहिरीचे, झऱ्याचे पाणी उकळून प्या. रात्री उरलेले अन्न बंद डब्यात ठेवून तंबूपासून दूर, शक्यतो घरमालकाकडे ठेवा.

आजार आणि इजा

सिंधुदुर्गातल्या जंगलात मुक्काम करणाऱ्याने माकडतापाची माहिती घेतलीच पाहिजे. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात हा आजार ओळखला गेला. २०१६ पासून दोडामार्ग आणि सावंतवाडी तालुक्यांत त्याचे रुग्ण आढळले आहेत. गोचिडीच्या, विशेषतः तिच्या बारीक पिल्लांच्या चाव्याने तो होतो आणि जोर असतो जानेवारी ते मे, म्हणजे आपल्या प्रवासाच्या हंगामातले शेवटचे दोन महिने त्यात येतात. पालापाचोळ्यावर थेट बसू-लोळू नका. पँट मोज्यात खोचा, पायांना कीटकरोधक मलम लावा, रात्री टॉर्चच्या उजेडात काखा, मांड्या, कानामागे तपासा. चिकटलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. मेलेले माकड दिसले तर जवळ जाऊ नका, आरोग्य केंद्राला कळवा. परतल्यावर पंधरवड्यात अचानक ताप, तीव्र डोकेदुखी, अंगदुखी सुरू झाली तर डॉक्टरांना पहिल्या वाक्यातच सांगा की तुम्ही जंगलात राहून आलात. अशा तापात स्वतःच्या मनाने ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घेऊ नका, त्याने रक्तस्राव वाढू शकतो.

साप चावला तर कापू नका, चोखू नका, करकचून बांधू नका. अंगठ्या-घड्याळ काढा, मोडलेल्या हाडाला बांधतो तशी फळी लावून तो अवयव स्थिर ठेवा, माणसाला चालू देऊ नका, चावल्याची वेळ लिहून ठेवा आणि सरकारी रुग्णालय गाठा. अपघात झाला तर आधी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक माणूस उभा करून वाहने थांबवा. जखमी श्वास घेत असेल तर त्याचे हेल्मेट ओढून काढू नका. रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसाठी ११२.

कणकवली आणि सावंतवाडीची उपजिल्हा रुग्णालये, ओरोसचे जिल्हा रुग्णालय, राधानगरी, गारगोटी, आजरा, चंदगड इथली सरकारी रुग्णालये, कोल्हापूरचे सीपीआर रुग्णालय आणि दोडामार्गच्या बाजूने बांबोळीचे गोवा मेडिकल कॉलेज यांचे दूरध्वनी एका कागदावर लिहा. त्या कागदावर प्रत्येकाचा रक्तगट, औषधांची ॲलर्जी आणि घरचा नंबर असू द्या. एक प्रत प्रत्येकाच्या खिशात, एक मसुऱ्यातल्या घरी. रोज मुक्कामाला पोहोचल्यावर घरी एक फोन करा. सातपर्यंत फोन आला नाही तर कुणाला विचारायचे हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

आता काय करावे

हा लेख वाचून ठेवून देऊ नका. या आठवड्यात सोबत कोण येणार ते ठरवा आणि पैसे, वेग, दारू, परत फिरणे या चार गोष्टींवर बोलून घ्या. पुढच्या आठवड्यात गाड्या सर्व्हिसिंगला टाका, मुक्कामाच्या जागांना फोन करा आणि सरावाच्या रात्रीची तारीख धरा. त्या रात्री ज्याची तयारी कच्ची दिसेल त्याला मदत करा. तरीही जमत नसेल तर प्रवास पंधरा दिवस पुढे ढकला. आपल्या गावांतल्या मुलांना गाडी चालवता येते, रानात राहता येते, स्वयंपाक येतो. लागते ती एकमेकांसाठी थांबायची सवय, आणि ती एकदा लागली की हेच सहा जण पुढे कुठल्याही डोंगरात नीट जाऊन नीट परत येतील.